गरोदरपणातील मधुमेह : फडावर चुकणारी तपासणी



शेतकी खात्याच्या माणसाने या पानावर बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांवर लिहावे अशी रीत आहे. या खेपेस विषय निराळा आहे, पण फडातलाच आहे.

गेल्या हंगामात चारठाणा गटात एका टोळीच्या तळावर गेलो होतो. एका सात महिन्यांच्या गरोदर बाईचे कार्ड सहज पाहिले. साखरेची पहिली तपासणी गावाकडे झालेली, दुसरीचा रकाना कोरा. दसऱ्याला घर सोडले तेव्हा चौथा महिना होता. दुसरी तपासणी मार्गशीर्षात यायची, तेव्हा ती कोयता घेऊन फडात. मुकादम म्हणाला, "सायेब, दिवसभर ऊस तोडणारीला कशाची आलीय शुगर? ती बसून खाणाऱ्याला व्हती." खरे सांगायचे तर माझीही समजूत तशीच होती. तपासणी केली तर साखर वाढलेली निघाली.

हे होते कसे? गरोदरपणी वारेतून जे स्राव निघतात ते आईच्या इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. पाटाला पाणी भरपूर, पण वाफ्यात शिरत नाही, तशी साखर रक्तातच तुंबते. कष्टाळू किंवा सडपातळ बाई यातून सुटते असे नाही. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचे इन्सुलिन जास्त करते, वाजवीपेक्षा मोठे होते आणि बाळंतपण अडते. नाळ कापली की वरून येणारी साखर बंद, पण बाळाचे इन्सुलिन चालूच. त्यामुळे पहिल्या काही तासांत बाळाची साखर एकदम उतरू शकते. म्हणून तासाभराच्या आत अंगावर पाजावे. मध-गुळाचे बोट चाटवू नये.

बाईला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून तपासणीला पर्याय नाही. ती अगदी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे, दोन तासांनी रक्त द्यायचे. आकडा १४० किंवा वर असेल तर गरोदरपणातील मधुमेह. उपाशी येण्याची गरज नाही. केंद्र शासनाच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे ही तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करायची असते. अडचण त्या दोन तासांची आहे. तेवढ्यात गाडी भरायची राहते, म्हणून मुकादम कुरकुरतो.

आधी दोन आठवडे आहार सांभाळून पाहतात. तेवढ्याने भागले नाही तरच डॉक्टर गोळ्या किंवा इन्सुलिन देतात. आता साखर कारखान्याचा माणूस सांगतो म्हणून हसू नका, पण गूळही यातून सुटत नाही. गुळात बहुतेक साखरच असते, मग तो घरच्या गुऱ्हाळाचा का असेना. भाकरी चालते, पण मोजून. सोबत वरण, मटकी, पालेभाजी हवी. दोन जिवांचे म्हणून दुप्पट खाणे नको आणि उपासही नको. इन्सुलिन चालू असताना घाम सुटला, हातपाय थरथरले तर मात्र साखरेचे पाणी ताबडतोब द्यावे. तिथे आपला माल औषधाचे काम करतो!

त्या बाईला फोनचा आधार झाला. नवऱ्याच्या मोबाईलवरून ती गावाकडच्या आशाताईंना साखरेचे आकडे कळवायची, काय खाल्ले ते सांगायची. ई-संजीवनीवर घरबसल्या सरकारी डॉक्टरांचा सल्लाही फुकट मिळतो. फोन मात्र दिवसा फडात नवऱ्याच्या खिशात, रात्री चार्जिंगची बोंब. त्यातच कुणीतरी इन्सुलिन सोडून काढा घ्या म्हणून व्हिडिओ पाठवला होता. असल्या व्हिडिओवर औषध बंद करू नये, आधी आशाताईंना विचारावे.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते आणि लोक विसरतात. पण सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी लागते, पुढे दरवर्षी. कारण अशा बायांना नंतर कायमचा मधुमेह जडण्याचा धोका जास्त असतो. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळण्याआधी तो सहा आठवड्यांचा आकडा पाहावा.

येत्या हंगामात टोळी उतरताच गरोदर बायांची नावे, महिना आणि कार्डाची झेरॉक्स मुकादमांनी गट ऑफिसात द्यावी. ज्यांच्या शेतात टोळी असेल त्या सभासदांनी तपासणीच्या दिवशी बाईला आरोग्य केंद्रापर्यंत वाहन द्यावे आणि त्या दिवसाची तोड कमी झाली म्हणून तक्रार करू नये.

— ऊस विकास अधिकारी