मोडकळीस आलेले वॉशिंग सेंटर घेतल्यावर आधी काय सुधारावे?



वाहने धुऊन देण्याचा धंदा आता मोठ्या शहरापुरता राहिलेला नाही. बेळगावहून खानापूरला किंवा निपाणीला निघा, मडगावच्या वेशीबाहेर पडा, इंदूर किंवा वडोदऱ्याच्या बाह्य रस्त्याने जा. पत्र्याचे छप्पर, सिमेंटचा ओटा, एक पंप आणि वर 'वॉशिंग सेंटर' अशी पाटी आपल्याला दिसतेच. यांतील काही जागा चालतात, काही बंद पडतात. बोअरचे पाणी आटते, भागीदारांत बेबनाव होतो, मालकाचा उत्साह ओसरतो. दोन पावसाळे गेले की ओट्याच्या भेगांतून गवत उगवते, आणि मग अशी जागा स्वस्तात मिळते आहे असे पाहून एखादा तरुण कर्ज काढून ती विकत घेतो. खरेदीखत झाल्यावर त्याच्या हाती थोडीशी शिल्लक उरते. कर्जाचा हप्ता मात्र पुढच्याच महिन्यापासून सुरू होतो. ही उरलेली शिल्लक प्रथम कशावर खर्चावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बहुतेक जण रंगापासून प्रारंभ करतात. नवा फलक, नवे दिवे, भिंतींना झगझगीत निळा रंग, आणि जमल्यास फेसाचे एखादे नवे यंत्र. ग्राहक डोळ्यांनी पाहतो, तेव्हा हा विचार अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु अशा जागेची खरी दुखणी जमिनीखाली, भिंतीच्या आत आणि यंत्राच्या पोटात असतात. ती तशीच राहिली तर रंगाची किंमत एका पावसाळ्यात वाहून जाते. म्हणून मी क्रम असा लावीन: ज्याने माणूस मरू शकतो ते पहिल्याने, ज्यावाचून धंदा उद्या बंद पडेल ते त्यानंतर, आणि ज्याने धंदा वाढेल ते सर्वांच्या शेवटी.

माणूस मरू शकतो हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. वॉशिंग सेंटरमध्ये ओली जमीन, ओले हात, अनवाणी पाय आणि वीज ही चारही एकत्र नांदतात. कोरड्या कातडीचा विजेला जो अडथळा असतो, तो भिजलेल्या कातडीत फार कमी होतो. त्यामुळे घरात नुसता झटका देऊन सोडणारी तार येथे जीव घेऊ शकते. जुन्या जागेत चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे, खाली लोळणारे जोडफलक आणि गंजून तुटलेली अर्थिंगची पट्टी हे हटकून आढळते. पहिल्याच दिवशी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि तीस मिलिअँपिअरला तुटणारे आर.सी.सी.बी. बसवावे. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्या फलकावर असतो तो एम.सी.बी. तारेला जळण्यापासून वाचवतो. माणसाला वाचवण्यासाठी तो नसतो. माणसाच्या शरीरातून गळणारा अल्पसा प्रवाह ओळखून वीज तोडण्याचे काम आर.सी.सी.बी. करते. त्यावर चाचणीची एक कळ असते, ती महिन्यातून एकदा दाबून पाहावी. दाबूनही वीज गेली नाही तर ते उपकरण नुसते शोभेचे आहे.

वाहन उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट असेल तर तिचीही गणना येथेच करावी. तेल गळत असलेली लिफ्ट वजन घेऊन रात्रभर हळूहळू खाली येते. यांत्रिक कुलूप बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय कोणीही खाली शिरू नये, आणि ते कुलूप झिजलेले असेल तर दुरुस्त होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी. चॅसी धुण्याचे काम काही दिवस नाकारावे लागले तरी चालेल. हवेच्या कॉम्प्रेसरची टाकी आतून गंजते, कारण दाबलेल्या हवेतील बाष्पाचे पाणी तिच्या तळाशी साचते. ते रोज तळाच्या तोटीने काढावयाचे असते. दोन वर्षे कोणी काढलेले नाही असे दिसले तर त्या टाकीची दाबचाचणी करून घेतल्यावाचून, आणि तिची सुरक्षा-झडप मोकळी आहे याची खात्री केल्यावाचून, बटण दाबू नये.

आता पाण्याकडे वळू. जागा घेणारा पाणी कोठून येते हे विचारतो. ते कोठे जाते हे विचारणारा विरळा. बोअर असेल तर तिची नोंद आहे काय, हे प्रथम पाहावे. गोव्यात २००२ चा आणि कर्नाटकात २०११ चा भूजलासंबंधीचा कायदा आहे. इतर राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. नळाच्या पाण्यावर विसंबून राहणे तर अधिकच धोक्याचे. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचे पाणी वाहने धुण्यास वापरण्यावर बंदी घातली आणि ती मोडणाऱ्यास ५००० रुपयांचा दंड ठरविला. अशी वेळ दुसऱ्या कोणत्याही शहरावर येऊ शकते. जाता जाता आणखी एक: मागील मालकाची वीजबाकी राहिली आहे काय, हे खरेदीपूर्वीच पाहणे शहाणपणाचे. जागेवरील जुनी बाकी नव्या मालकाकडून मागण्याची तरतूद वीज कंपन्यांच्या नियमांत असू शकते आणि ती वैध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरविलेले आहे.

जाणाऱ्या पाण्याची गोष्ट अधिक महत्त्वाची. धुतलेल्या पाण्यात माती, तेल, ग्रीस आणि साबण हे सर्व असते. ते सरळ गटारात किंवा शेजारच्या शेतात सोडले तर प्रथम शेजारी भांडायला येतो आणि मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस येते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने सांडपाणी सोडण्यास मंडळाची संमती लागते. यावरील उपाय जुना आणि साधा आहे: तीन खणांचे टाके. पहिल्या खणात माती तळाशी बसते, दुसऱ्यात तेल वर तरंगते, तिसऱ्यात त्यामानाने स्वच्छ पाणी येते. एका खणातून दुसऱ्यात जाणाऱ्या नळाचे तोंड खाली वळवलेले असावे, म्हणजे वरचे तेल मागेच राहते. पडीक जागेत हे टाके बहुधा असते, परंतु मातीने काठोकाठ भरलेले असते. त्यात पाणी थांबतच नाही, आणि पाणी संथ झाल्याशिवाय तेल वेगळे होत नाही. तेव्हा नवे टाके बांधण्याचा विचार करण्यापूर्वी जुने उपसून पाहावे. निघालेले तेल परवाना असलेल्या संकलकालाच द्यावे.

आपल्याकडे चॅसीवर डिझेल किंवा जळके ऑइल फवारण्याची एक रूढी आहे. गाडी खालून चकचकीत दिसते म्हणून ग्राहकच ती मागतो. त्या तेलाने रबरी बुश फुगतात व लवकर खराब होतात. त्यावर धूळ अधिक बसते, आणि टाक्यात तेलाचा भार वाढतो. शिवाय शांपूच्या पाण्यात मिसळलेले तेल बारीक कणांत फुटते आणि वर यायला तयार होत नाही. नव्या मालकाने ही रूढी पहिल्या दिवसापासून बंद करावी. चार ग्राहक नाराज होतील, होऊ द्यावेत.

पाण्याची आणखी एक आवक डोक्यावरच आहे. १०० चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी होते. बेळगावच्या पश्चिमेस आणि गोव्यात आषाढात एका दिवसात वीस मिलिमीटर पाऊस ही किरकोळ गोष्ट आहे. म्हणजे पन्हळ, गाळणी आणि टाकी एवढ्या खर्चात जवळजवळ २००० लिटर पाणी मिळते. बोअरच्या जड पाण्याने काचेवर वाळल्यावर पांढरे डाग उमटतात, पावसाच्या पाण्याने उमटत नाहीत. शेवटचा हात या पाण्याचा द्यावा.

यानंतर पंप. जुना पंप जोर करीत नाही असे दिसताच नवा घेण्याची घाई होते, आणि शिल्लक येथेच संपते. वास्तविक पंपापूर्वी त्याचे नोझल पाहिले पाहिजे. दाबाचा पंप दर मिनिटाला ठराविक पाणी ढकलतो. दाब निर्माण होतो तो पाणी बारीक छिद्रातून जाताना. पाण्यातील वाळूने हे छिद्र झिजते. छिद्राचा व्यास एक दशांशाने वाढला तर क्षेत्रफळ सुमारे एकवीस टक्क्यांनी वाढते, आणि दाब क्षेत्रफळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे तो मूळच्या दोन तृतीयांशावर येतो. डोळ्यांना न दिसणारी ही झीज आहे. थोडक्या रुपयांत नवे नोझल बसवावे, आवक नळाची जाळी धुवावी, दाबमापक लावून पाहावे. पंपातील तेल दुधासारखे पांढरे झाले असेल तर सील झिजून पाणी आत शिरले आहे असे समजावे. सील बदलता येतात. एवढे करूनही दाब येत नसेल तर मग नव्या पंपाची गोष्ट.

पंपापाशी एक वही ठेवावी. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने निपाणीच्या रस्त्यावर असे केंद्र घेतले. रविवारी गाड्यांची रांग लागे आणि निम्मे ग्राहक कंटाळून निघून जात, तेव्हा तो दुसरा पंप घेण्याच्या बेतात होता. मी त्याला चार रविवार प्रत्येक गाडीची वेळ लिहावयास सांगितले. वहीत दिसले ते असे: गाडी धुण्यास पंधरा मिनिटे, आणि पुसून व्हॅक्यूमने आतून साफ करण्यास तीस. म्हणजे तासाला चार गाड्या धुतल्या जात, परंतु बाहेर पडत त्या दोनच. दुसरा पंप आला असता तर ओल्या गाड्यांची रांग तेवढी लांबली असती. त्याने पंप घेतला नाही. एक व्हॅक्यूम, पुसण्याची दोन डझन फडकी आणि एक माणूस वाढविला. "सर, हे तर सातवीचे काळ-काम-वेगाचे गणित निघाले," असे तो म्हणाला. होते तेच.

माणूस वाढविण्याच्या ओघात एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मी शिक्षक आहे, आणि जूनमध्ये हजेरीपटावर असलेली काही नावे दिवाळीनंतर मला अशा ओट्यांवर पाण्यात उभी असलेली दिसतात. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे बेकायदा आहे. घरच्या व्यवसायात शाळा सुटल्यावर केलेली मदत हा यातील एक अपवाद. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. स्वस्त पोरगा मिळतो म्हणून हिशेब जमविणाऱ्या मालकाचा हिशेब मुळातच चुकलेला आहे. ओट्यावर प्रौढ माणूस असावा. त्याला गमबूट, हातमोजे आणि वाळलेले कपडे ठेवण्यास जागा असावी. चाके चमकविण्याच्या काही रसायनांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, आणि ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करते. बाटलीवरील मजकूर वाचता येत नसेल तर ती बाटली जागेत आणू नये.

ग्राहकासाठी प्रारंभी फार करावे लागत नाही. गवत काढणे, ओटा घासणे, भंगार विकणे, एक बाक आणि सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय. यास पैशापेक्षा अंगमेहनत अधिक लागते, आणि हे पहिल्या आठवड्यातच उरकावे. स्वतःचेच अंगण घाण ठेवणाऱ्याकडे आपली गाडी कोण देईल? गाडी घेऊन बहिणी-लेकी एकट्या येतात, हेही बाकाची जागा ठरविताना ध्यानात असावे.

आपोआप फिरणाऱ्या ब्रशांचे मोठे यंत्र, वाफेचे यंत्र, पॉलिशची खोली, ही सारी एक वर्षभर दूर ठेवावीत. अशा यंत्राला दिवसभर गाड्या लागतात, आणि त्या आपल्या रस्त्यावर येतात की नाही हे वहीशिवाय कोणी सांगू शकणार नाही. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर आणि ट्रॉल्या येणार असतील तर त्यांना ब्रशाचे यंत्र निरुपयोगीच. तेथे रुंद ओटा आणि मातीचा मोठा खण हवा.

खोदकाम व ओट्याचा उतार ही कामे मेअखेर संपवावीत. पाऊस सुरू झाल्यावर खड्ड्यात सिमेंट धरत नाही. पावसाळ्यात ग्राहक कमी असतो, तेव्हा छपराखालील वायरिंग, सील आणि लिफ्टची कामे काढावीत. म्हणजे खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, जेव्हा गावातील प्रत्येक दुचाकीला आणि टेम्पोला एकाच वेळी आंघोळ हवी असते, तेव्हा पंप चालू स्थितीत असेल. त्या चार दिवसांच्या कमाईतून रंगाऱ्याला बोलवावे. फलकावर आपले नाव लहान काढले तरी चालेल. दर मात्र ठळक अक्षरांत लिहावेत, दुचाकीचा वेगळा, मोटारीचा वेगळा, आणि ट्रॅक्टरचा वेगळा.