सरासरीच्या पलीकडचे घर

ब्रिटनमधील एखादे घर वर्षाकाठी ४,००० युनिट वीज वापरत असेल, तर त्याची सरासरी मागणी सुमारे ४५० वॅट भरते. परंतु हा आकडा त्या घराच्या मीटरवर प्रत्यक्षात क्वचितच उमटेल. मध्यरात्री तेथे बहुधा फ्रीज तेवढा चालू असतो. सकाळी चहाची किटली लावताच मागणी अडीच-तीन हजार वॅटवर उडी घेते आणि काही मिनिटांत खाली येते. गल्लीतील तारांना व रोहित्राला सोसावा लागतो तो या उड्यांचा भार, सरासरीचा नव्हे.

लफबरो विद्यापीठातील इयान रिचर्डसन, मरे टॉमसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेले संगणकीय प्रतिमान म्हणूनच लक्षणीय आहे. त्याचा पाया वीजबिल नसून दिनचर्या आहे. ब्रिटनमधील २००० सालच्या पाहणीत हजारो लोकांनी दहा-दहा मिनिटांच्या नोंदी केल्या होत्या. घरात या घटकेला किती माणसे जागी आहेत आणि पुढील दहा मिनिटांत ती संख्या बदलण्याचा संभव किती, हे त्यांवरून काढण्यात आले. मग संगणक जणू फासे टाकतो. कोणी जागे असेल तर इस्त्री वा दूरचित्रवाणी सुरू होण्याचा संभव; त्यात बाहेर अंधारले असेल तर दिव्यांचाही. (फ्रीज अर्थातच कोणाच्या जागे होण्याची वाट पाहत नाही!) मिनिटागणिक मांडलेला हा हिशेब २२ खऱ्या घरांतील वर्षभराच्या मोजणीशी ताडून पाहण्यात आला. सगळ्या किटल्या एकाच मिनिटाला लागत नाहीत. तेव्हा शंभर घरांसाठी नेमकी किती क्षमता लागेल, याचा अंदाज त्यातून बांधता येतो.

हे प्रतिमान जसेच्या तसे महाराष्ट्रात आणणे मात्र व्यर्थ होय. छताचा पंखा आणि पाण्याचा पंप यांवाचून इथल्या घराचा हिशेब होणार कसा? शिवाय विजेचा दर आणि घराचे उत्पन्न यांना त्यात स्थान नाही. घ्यावयाची ती पद्धती. भारनियमनाच्या तासांत मीटर मागणी नोंदवीत नाही, बंद पडलेला पुरवठा तेवढा नोंदवतो. जुन्या बिलांवर विसंबणारा नियोजक अंधारात बसलेल्या कुटुंबाची गरज शून्य धरून मोकळा होतो. दिनचर्येवरून निघालेला हिशेब ही चूक टाळू शकतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर कालविनियोगाची पाहणी केली. पण तिच्यातील नोंदी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या आहेत, आणि मिक्सर चालतो पाच मिनिटे. वीज कंपन्यांनी काहीशे घरांत मिनिटागणिक मोजणी केल्यास ही उणीव भरून निघेल. त्या घरांत वातानुकूलित सदनिकांबरोबर एका दिव्यावर भागवणारी खोलीही असली पाहिजे.