मालकाच्या डोक्यातला धंदा आणि पॅट मॅडमची शिट्टी



चॅनेलवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न भांडवलाचा असेल असं तुम्हाला वाटतं ना? तसं नाहीये. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न असा असतो: "सर, मी चार दिवस गावाला गेलो की धंदा झोपतो. काय करू?" मसाल्याचं प्रमाण फक्त ताईंना माहीत. कोणाकडे किती उधारी आहे ते फक्त दादांच्या डोक्यात. कोणत्या गिऱ्हाइकाला कसं बोलायचं, कोणता सप्लायर कधी माल अडकवतो, सगळं एकाच डोक्यात. ते डोकं ठिकाणावर आहे तोवर सगळं ठीक. पण उद्या त्या डोक्यालाच काही झालं तर?

आज या प्रश्नावर एका बास्केटबॉल कोचची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या, मुलींच्या टीमच्या कोच पॅट समिट. आपण त्यांना पॅट मॅडम म्हणू. बास्केटबॉलमधलं काही कळत नसेल तरी चालेल. त्यांच्या करिअरमध्ये हाच प्रश्न शब्दशः समोर येऊन उभा राहिला.

सुरुवात १९७४ सालची. नॉक्सव्हिल शहर. मॅडमचं वय २२. एमए, एमएस्सीसारखी तिकडची पदव्युत्तर पदवी घ्यायची आणि टीमला असिस्टंट म्हणून मदत करायची, एवढ्याच तयारीने त्या आल्या होत्या. तेवढ्यात आधीच्या कोच अभ्यासरजेवर गेल्या आणि सगळी टीम या मुलीच्या गळ्यात पडली. टीममधल्या काही मुली त्यांच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने लहान. पगार महिन्याला २५० डॉलर. टीमचे कपडे डोनट विकून जमवलेल्या पैशातून आलेले. ते कपडे धुवायचे मॅडमनी, मॅचला जायची व्हॅन चालवायची मॅडमनी. शिवाय स्वतःचा अभ्यास, विद्यार्थ्यांचे पीटीचे तास घेणं, आणि दुखावलेल्या गुडघ्यावर उपचार घेत स्वतःची ऑलिम्पिकची तयारी. (१९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये त्या खेळाडू म्हणून रौप्यपदक जिंकल्या. पुढे १९८४ ला लॉस एंजेलिसला त्यांच्या कोचिंगखाली अमेरिकेने सुवर्ण घेतलं.)

पहिलीच मॅच ८४-८३ अशी एका पॉइंटने हरल्या.

ओळखीचं वाटतंय ना? मालक, अकाउंटंट, डिलिव्हरी बॉय आणि झाडूवाला, सगळं आपणच. आपल्यापैकी बहुतेकांचं पहिलं वर्ष असंच जातं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण काही जणांचं पंधरावं वर्षही तसंच जातं. तिथे माझा आक्षेप आहे.

मार्केटचं पण समजून घ्या. तेव्हा मुलींच्या बास्केटबॉलला मार्केट असं नव्हतंच. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांमध्ये मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, हा कायदा १९७२ मध्ये झाला. कॉलेज खेळांची तिकडची मोठी संस्था एनसीएए हिने मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली ती थेट १९८२ मध्ये. मॅडमचं लहानपण शेतावर गेलं. घरच्या गावात मुलींची टीम नाही म्हणून वडिलांनी कुटुंब शेजारच्या हद्दीत हलवलं होतं, का तर मुलीला शाळेकडून खेळता यावं. म्हणजे गिऱ्हाईक तयार नाही, दुकानं नाहीत, रस्तासुद्धा नाही, अशा ठिकाणी यांनी माल मांडला. जानेवारी २००६ मध्ये याच टीमची कनेक्टिकटविरुद्धची मॅच बघायला २४ हजारांवर माणसं आली होती. त्याच वर्षी मॅडमचा वर्षाचा करार दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये एवढं मानधन घेणाऱ्या त्या पहिल्या कोच.

मधली वर्षं लोक पटकन उडी मारून जातात. आपण तसं नको करूया. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं १९८७ मध्ये, म्हणजे तेराव्या सीझनला. त्याआधी १९८०, १९८१ आणि १९८४, तीनदा फायनलला जाऊन हरल्या. टीम चांगली होती, मेहनत प्रचंड होती. सुरुवातीच्या काळात त्या भयंकर कडक होत्या. एकदा मुली रात्री पार्टी करून आल्या हे कळल्यावर मैदानाच्या कोपऱ्यांत कचऱ्याचे डबे ठेवले आणि उलट्या होईपर्यंत पळवलं. हा किस्सा मोटिव्हेशनल स्पीकर टाळ्या घ्यायला सांगतात. मी नाही सांगणार की असं करा. तुमच्या वर्कशॉपमधला पोरगा दुसऱ्या दिवशी समोरच्या वर्कशॉपमध्ये दिसेल. मॅडमसुद्धा वयाबरोबर पुष्कळ बदलल्या.

१९८५ मध्ये काय झालं ते मात्र बघा. त्यांनी मिकी डिमॉस आणि हॉली वॉर्लिक अशा दोन असिस्टंट घेतल्या. डिमॉस यांची खासियत म्हणजे चांगल्या खेळाडू हेरून त्यांना टीममध्ये आणणं. वॉर्लिक तर मॅडमच्याच हाताखाली खेळलेली. दोन वर्षांनी पहिली ट्रॉफी आली. फक्त या दोघींमुळे आली असं मी म्हणणार नाही. पण सगळं एकटीने ओढायचे दिवस संपले होते, हे खरं. वॉर्लिक पुढे २७ सीझन असिस्टंट राहिल्या. सत्तावीस! आपल्याकडे मॅनेजर तीन वर्षं टिकला तरी आपण सत्यनारायण घालतो.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. डोक्यातलं बाहेर कसं काढायचं?

मॅडमचा एक नियम होता: टीममधल्या मुलीने वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं. आणि कारणाशिवाय तास बुडवला तर मॅच खेळायची नाही, मग ती कितीही मोठी स्टार असू दे. परिणाम काय? टेनेसीत आपला खेळण्याचा पूर्ण काळ काढलेल्या त्यांच्या प्रत्येक खेळाडूने पदवी घेतली. शंभर टक्के.

नियमाची शब्दरचना बघा. "अभ्यास मन लावून करा" असं त्या म्हणाल्या असत्या तर ते तपासायला दरवेळी मॅडमच लागल्या असत्या. मन लावलं की नाही हे कोण ठरवणार? "पहिल्या तीन रांगा" कोणीही तपासू शकतं. असिस्टंट तपासेल, प्राध्यापक सांगतील, वॉचमनही खिडकीतून बघून सांगेल. नियम एकदा असा केला की तो मालकाच्या डोक्यातून सुटून भिंतीवर जातो. तुम्ही स्टाफला म्हणता "स्वच्छता ठेवा रे". त्याऐवजी "रात्री ९ वाजता काउंटर साबणाने, मग कोरड्या फडक्याने" असं ठरवून बघा. "उधारी जपून द्या" म्हणण्यापेक्षा "मागचं बिल भरल्याशिवाय नवीन माल नाही, माझा मेहुणा आला तरी". शेवटचे शब्द महत्त्वाचे आहेत हं. मॅडमच्या टीममध्ये स्टार खेळाडू म्हणजे तुमचा मेहुणाच.

दुसरी गोष्ट मला फार आवडते. प्रॅक्टिसला कोचने कौतुक केलं की मुलीने उत्तर द्यायचं, "टू पॉइंट्स". चूक दाखवली की म्हणायचं, "रिबाउंड". नेम चुकून बॉल रिंगवर आपटून परत येतो तो झेलणं म्हणजे रिबाउंड. म्हणजे काय, चूक झाली, पण बॉल परत हातात आहे, खेळ चालू. यात तोंड पाडायला जागा नाही आणि "हो मॅडम, हो मॅडम" करून विसरून जायलाही जागा नाही. ऐकलं, हे बोलून दाखवावंच लागतं. आपल्या मिसळीच्या हॉटेलात पोऱ्या ओरडतो, "दोन मिसळ, एक कमी तिखट!" आणि भट्टीवरून तेच परत येतं. ज्या हॉटेलात ते परत येत नाही तिथे ऑर्डर चुकते. तुमच्या टेलरिंग युनिटमध्ये, पॅकिंगच्या टेबलावर, व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरमध्ये ते परत येतं का?

एक किस्सा मध्येच, कारण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. सप्टेंबर १९९०. मॅडम नऊ महिन्यांच्या गरोदर आणि मिशेल मार्सिनिअ‍ॅक नावाच्या खेळाडूला टीममध्ये घेण्यासाठी विमानाने पेनसिल्व्हेनियाला गेलेल्या. तिथेच कळा सुरू झाल्या. परतताना वाटेत व्हर्जिनियात विमान उतरवायची गोष्ट निघाली तर मॅडमनी साफ नकार दिला. त्याच वर्षी व्हर्जिनियाने त्यांना स्पर्धेतून बाहेर काढलं होतं ना! मुलगा टायलर टेनेसीतच जन्मला. लोक हा "डेडिकेशन"चा धडा म्हणून फॉरवर्ड करतात. मी तुम्हाला एवढंच सांगेन, अशा वेळी गपचूप जवळच्या हॉस्पिटलात जा. मला रस आहे तो पुढच्या भागात. एवढं करून मार्सिनिअ‍ॅकने नोत्र दाम विद्यापीठ निवडलं! मॅडमनी संबंध तोडले नाहीत. ती नंतर बदली घेऊन टेनेसीत आली आणि १९९६ च्या विजेतेपदात अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली. पुढे तिने एका सहकारी कोचबरोबर शीक्स नावाची कंपनी काढली. खेळाडूंच्या कपड्यांना वापरतात तसल्या कापडाच्या चादरी विकायची. "नाही" म्हणालेलं गिऱ्हाईक फोनमधून डिलीट करणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचा.

१९९६, ९७, ९८ अशी सलग तीन विजेतेपदं. सगळ्यांना ९८ आठवतं, कारण ३९ मॅच, ३९ विजय. मला ९७ जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या सीझनला १० मॅच हरल्या आणि तरी ट्रॉफी घेतली. मधल्या काळात पुरुषांच्या टीमचं कोच होण्याबद्दलही विचारणा झाली. मॅडम गेल्या नाहीत. पुढे २००७ आणि २००८, एकूण आठ विजेतेपदं.

आणि मग २०११ आलं.

मॅडमना गोष्टी आठवेनाशा झाल्या होत्या. तपासण्या झाल्या. निदान अल्झायमर, तोही कमी वयात होणारा. ऑगस्टमध्ये त्यांनी ते जाहीर केलं तेव्हा वय ५९. विचार करा, जिचं सगळं भांडवल म्हणजे डोकं, तिचं डोकंच हळूहळू हातातून सुटणार. लपवता आलं असतं, किमान काही महिने. त्यांनी लपवलं नाही. खेळाडूंना सांगितलं, जगाला सांगितलं आणि म्हणाल्या की सीझन करणार.

२०११-१२ च्या त्या सीझनमध्ये मॅडम बाकावर बसायच्या आणि मॅच चालवण्याचं बरंचसं काम वॉर्लिक करायच्या. टीम २७ मॅच जिंकली, ९ हरली. आपल्या विभागाची, म्हणजे एसईसीची, स्पर्धा जिंकली. राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठात जाऊन बेलरकडून हरली, आणि त्या वर्षी बेलरला कोणीच हरवू शकलं नव्हतं. ज्या वर्षी मालकाची स्मृती जात होती त्या वर्षीचा हा हिशोब आहे. कारण पहिल्या तीन रांगा, टू पॉइंट्स, रिबाउंड, हे सगळं तोवर पंचवीस-तीस माणसांच्या अंगात मुरलेलं होतं.

एप्रिल २०१२ मध्ये मॅडमनी पद सोडलं. पत्रकारांसमोर आपली शिट्टी वॉर्लिक यांच्या हातात दिली. ३८ सीझन, १,०९८ विजय, २०८ पराभव, आणि जिंकण्यापेक्षा हार जास्त असा एकही सीझन नाही. जून २०१६ मध्ये, ६४ व्या वर्षी त्या गेल्या. जाण्याआधी अल्झायमरवरच्या कामासाठी स्वतःच्या नावाची संस्था उभी केली होती.

आता प्रामाणिकपणे पुढचंही सांगतो, कारण काही ट्रेनर इथेच थांबतात आणि "सिस्टीम बसवा, मालकाची गरजच नाही" म्हणून कोर्स विकतात. वॉर्लिक यांनी सात सीझन टीम चालवली, २०१९ मध्ये त्यांना काढलं. मग आल्या केली हार्पर, त्या तीन सलग विजेतेपदांमधली मॅडमचीच खेळाडू. त्याही २०२४ ला गेल्या. या सगळ्या काळात झालेल्या प्रत्येक राष्ट्रीय स्पर्धेसाठी टीम पात्र ठरली, पण नववी ट्रॉफी आली नाही. सिस्टीमने दुकान उघडं ठेवलं. पॅट समिट मात्र त्यातून पुन्हा तयार झाली नाही. उद्या तुमच्या मुलाने किंवा मॅनेजरने गल्ला सांभाळला आणि तुमच्याइतका वाढवला नाही, तर त्याच्यावर चिडायच्या आधी हे आठवा.

आता कामाचं. उद्यापासून सात दिवस काउंटरवर एक वही ठेवा. स्टाफपैकी कोणी तुम्हाला काहीही विचारायला आलं की तो प्रश्न जसाच्या तसा लिहायचा. "भाऊ, याला किती सूट देऊ?" "ताई, पीठ किती वेळ ठेवायचं?" उत्तर लिहू नका, फक्त प्रश्न. आठवड्याने जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला असेल, त्याचा एक नियम करा, पहिल्या तीन रांगांसारखा, कोणालाही तपासता येईल असा. एकावेळी एकच. घाई करून वीस नियम भिंतीवर चिकटवले की ते दिवाळीच्या रंगकामात जातात.

वहीतले तुमचे पहिले पाच प्रश्न खाली कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातले काही घेऊन आपण नियम लिहायला बसू.