टोफेल नक्की मोजते काय?

थर्ड इयर संपत आलं की हॉस्टेलवर एकच चर्चा. जीआरई कधी, टोफेल कधी! कुठल्या युनिव्हर्सिटीचा कट-ऑफ किती, हे सगळ्यांना तोंडपाठ. मीही त्याच रांगेत आहे. पण जिच्यावर आपलं एक वर्ष आणि घरच्यांचे पैसे पणाला लागतात, ती परीक्षा मोजते तरी काय? मापनशास्त्रात याला वैधतेचा प्रश्न म्हणतात.

वर्कशॉपमधला व्हर्निअर आठवा. दहा वेळा मोजून तेच रीडिंग आलं तर तो विश्वसनीय. पण व्यास मोजून त्यावरून पोलादाची कठीणता सांगायला लागलो तर? रीडिंग बरोबर, निष्कर्ष चूक. म्हणजे वैधता ही परीक्षेची नव्हे, तर गुणांवरून काढलेल्या निष्कर्षाची असते.

ईटीएस या संस्थेतच काम केलेल्या सॅम्युएल मेसिक यांनी १९८९ मध्ये वैधतेचे दोन शत्रू सांगितले. पहिला, जे मोजायचं त्यातलाच भाग सुटणं. टोफेल १९६४ पासून आहे, पण मूळ परीक्षेत बोलण्याचा विभाग आला तो २००५ च्या इंटरनेट टोफेलमध्ये. तोपर्यंत तोंड न उघडताही भरपूर गुण मिळवता येत. दुसरा शत्रू, नको ते मोजलं जाणं. उत्तर टाइप करायचं, मायक्रोफोनसमोर बोलायचं. मग ज्याचा टायपिंगचा हात बसलेला नाही, त्याचे गुण इंग्रजीमुळे गेले की बोटांमुळे? गंमत म्हणजे २००५ च्या बदलाने पहिला शत्रू मागे हटला, पण दुसऱ्याला दार उघडलं. क्लासमध्ये साचेबंद उत्तरं पाठ केली, तर तिथेही इंग्रजी न वाढता गुण वाढू शकतात.

मग तपासायचं कसं? सोपी कल्पना अशी, की टोफेलचे गुण आणि पुढचा जीपीए ताडून पाहायचा. पण इथे एक मेख आहे. कट-ऑफखालच्या मुलांना बहुधा प्रवेशच मिळत नाही, त्यामुळे त्यांचा जीपीए कधी कळतच नाही. उरलेल्यांच्या गुणांत फरक थोडा, म्हणून संबंध कमजोर दिसतो. शिवाय जीपीए काही फक्त इंग्रजीवर ठरत नाही. म्हणून परीक्षकांचे गुण आपसात जुळतात का, प्रश्न खऱ्या लेक्चरसारखे आहेत का, असे बरेच पुरावे एकत्र पाहावे लागतात.

आणि कट-ऑफ? तो ईटीएस नाही, युनिव्हर्सिटी ठरवते. १२० पैकी ७९ आणि ८० यांतला फरक मापनदोषाच्या आतलाच; पण एक आत, एक बाहेर! जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी नवी मोजपट्टी आली आहे. तिच्यातही रेष कुठेतरी ओढावीच लागणार.

तेव्हा दोस्तांनो, अभ्यास जरूर करा. पण एखादा गुण कमी पडला म्हणून 'मला इंग्रजी येत नाही' असा निष्कर्ष काढू नका. तेवढी वैधता त्या आकड्यात नाही.