सिकलसेल : जात नव्हे, रक्त तपासा

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मुलीच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन दवाखान्यात आले. मुलगी सिकलसेलची वाहक निघाली होती. साक्षगंधाची तारीख ठरलेली. पण कागद पाहताच मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली. "ही बिमारी जंगलातल्या लोकांची. आपल्या जातीत नसते. तुमच्याच घराण्यात काही असेल," असे वर सुनावले. त्यांच्या मुलाचे रक्त मात्र कोणी तपासले नाही.

पुढे त्या मुलाचे दुसरीकडे लग्न झाले, तेही तपासणीविना. मूल आठ महिन्यांचे असताना हातापायांची बोटे सुजली म्हणून माझ्याकडे आणले. तपासणीत बाळाला सिकलसेल निघाला. आई-बाप दोघेही वाहक होते.

हा आजार म्हणजे काय?

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल व लवचिक असतात. सिकलसेलच्या रुग्णात त्या विळ्याच्या आकाराच्या व कडक होतात. निरोगी पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही 10 ते 20 दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की हाडे व सांधे असह्य दुखतात. पुष्कळ घरी याला वात समजून वर्षानुवर्षे तेल चोळले जाते.

आजार आनुवंशिक आहे. स्पर्शाने किंवा उष्ट्याने होत नाही. एकाच पालकाकडून दोष आला तर मूल वाहक होते. वाहक हा रुग्ण नव्हे. त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. एकच वाहक असून दुसरा निर्दोष असेल, तर मूल रुग्ण होत नाही.

ठराविक समाजांतच का?

भारतात हा दोष प्रथम 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. आपल्या राज्यात नंदुरबारकडील भिल्ल व पावरा, गडचिरोलीकडील गोंड व माडिया यांच्यात तो बराच आहे. पण विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर मागासवर्गीयांतही तो आहे. आफ्रिका, अरबस्तान, ग्रीस येथेही आहे. कारण जात नव्हे, हिवताप आहे. जेथे पिढ्यान्पिढ्या हिवताप माजला, तेथे वाहक मुले त्यातून अधिक वाचली व दोष टिकून राहिला. सोयरिकी जातीतल्या जातीतच होत गेल्याने तो त्या त्या समाजात साठला. यात कमीपणा कसला?

काय करावे?

लग्न ठरवण्यापूर्वी मुलगा व मुलगी दोघांचेही रक्त तपासावे. सरकारी रुग्णालयांत सोय आहे. प्राथमिक चाचणीत दोष दिसल्यास पुढील चाचणीने वाहक की रुग्ण हे नक्की करून घ्यावे. लग्न झालेले असून दोघेही वाहक असतील, तर दिवस राहताच डॉक्टरांना सांगावे. गर्भाची तपासणी मोठ्या केंद्रांत होते.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडी व अतिश्रम टाळावेत. फॉलिक ॲसिड व लसी चुकवू नयेत. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. ताप, धाप, छातीत दुखणे किंवा एकाएकी पांढरेफटक पडणे, यांपैकी काहीही झाल्यास रात्र उजाडण्याची वाट पाहू नये.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. तपासणीचे पथक गावात आले की "आपल्यात नसते" म्हणून दार लावून घेऊ नका.

ते बाळ आता शाळेत जाते, औषध नियमित घेते. आणि जिची सोयरीक मोडली, त्या मुलीचे लग्न नंतर रक्त तपासलेल्या, निर्दोष मुलाशी झाले. तिची दोन्ही मुले ठणठणीत आहेत.