आरोग्यसेवेतील मनुष्यबळ-नियोजन

सार्वजनिक आरोग्यसेवेत कोणत्या प्रदेशात, कोणत्या प्रकारचे व किती कर्मचारी असावेत हे निश्चित करणे व त्यानुसार पदे निर्माण करून ती भरणे, यास आरोग्यसेवेतील मनुष्यबळ-नियोजन म्हणतात. त्याची लक्ष्ये सामान्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात मांडतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दर हजार लोकसंख्येमागे डॉक्टर, परिचारिका व प्रसाविका मिळून २·२८ ही किमान मर्यादा सांगितली. २०१६ मध्ये शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांसाठी ४·४५ हे प्रमाण सुचविण्यात आले.

भारतात या विचाराचा पाया भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाने घातला. तिच्या अल्पकालीन योजनेत ४०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व त्यात दोन डॉक्टर अपेक्षित होते. कर्तारसिंग समितीने १९७३ मध्ये ३,००० ते ३,५०० लोकसंख्येस एक पुरुष व एक स्त्री कर्मचारी असावा, असे सुचविले. पुढे रूढ झालेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशात प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० व उपकेंद्र ५,००० लोकसंख्येस असते. डोंगराळ व आदिवासी प्रदेशात हीच प्रमाणे अनुक्रमे २०,००० व ३,००० अशी आहेत. म्हणजे तीन लाख लोकसंख्येस सपाट भागात ६०, तर डोंगराळ भागात १०० उपकेंद्रे लागतात. विखुरलेली वस्ती व दळणवळणाची अडचण ध्यानात घेऊन ही सवलत दिलेली आहे.

तथापि मंजूर पद, भरलेले पद व प्रत्यक्ष कामावर हजर असलेली व्यक्ती या तीन भिन्न गोष्टी होत. डोंगराळ भागातील एका उपकेंद्राची आरोग्य सेविका नसली, तर शेजारच्या सेविकेकडे अतिरिक्त कार्यभार येतो. तिच्या वाट्याला मग ६,००० लोकसंख्या येते. हे प्रमाण सपाट प्रदेशातील निकषापेक्षाही अधिक आहे. अशा रीतीने केवळ एका रिक्त पदामुळे दोन्ही उपकेंद्रांतील सवलत निष्फळ ठरते व पाड्यावरील गरोदर स्त्रीची तपासणी किंवा बालकाचे लसीकरण लांबणीवर पडते. राज्याच्या सरासरीत हा भेद दिसत नाही. कारण रिक्त पदे सर्वत्र सारखी विखुरलेली नसतात. गडचिरोली, नंदुरबार वा मेळघाट यांसारख्या दुर्गम भागांचा विचार म्हणूनच उपकेंद्रवार करणे आवश्यक ठरते.

लोकसंख्येच्या निकषातील उणीव भरून काढण्यासाठी कार्यभारावर आधारित पद्धती वापरतात. वर्षभरातील प्रसूती, तपासण्या, गृहभेटी इ. कामांस लागणारे एकूण तास काढून त्यांना एका कर्मचाऱ्याच्या वार्षिक उपलब्ध तासांनी भागले असता आवश्यक संख्या मिळते. रजा, प्रशिक्षण व सुट्या यांचा काळ उपलब्ध तासांतून वगळतात. प्रवासाचा वेळ कामात धरल्यास दुर्गम भागाची खरी गरज स्पष्ट होते.

पदनिर्मितीइतकेच कर्मचारी टिकविणेही महत्त्वाचे आहे. राहण्यायोग्य निवासस्थान, मुलांच्या शिक्षणाची सोय, विशेष भत्ता व ठराविक मुदतीनंतर बदलीची हमी यांअभावी भरलेली पदे पुन्हा रिकामी होतात. लक्ष्यपूर्तीचे मोजमाप त्यामुळे मंजूर पदांवरून न करता सर्वांत दूरच्या वस्तीस प्रत्यक्ष मिळणाऱ्या सेवेवरून करणे योग्य होय.