वाणिज्य शाखेच्या दारातही आता सीईटी

प्रवेश परीक्षा ही डॉक्टर वा अभियंता होऊ इच्छिणाऱ्या मुलांची चिंता, अशी व्यापारी घरांतील जुनी समजूत आहे. बारावी वाणिज्य झाले की बी.कॉम. किंवा बीबीए, गुणपत्रिका दाखवावी, शुल्क भरावे, प्रवेश निश्चित. २०२४ मध्ये या समजुतीस धक्का बसला.

त्या वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने बीबीए, बीएमएस व बीसीए हे अभ्यासक्रम आपल्या कक्षेत घेतले आणि महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सामाईक परीक्षा, म्हणजे सीईटी, लागू झाली. पहिल्या परीक्षेस उपलब्ध जागांच्या मानाने फारच कमी विद्यार्थी बसले. परिणामी ऑगस्टमध्ये अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली. अनेक घरांपर्यंत वार्ताच वेळेवर पोहोचली नव्हती.

जालन्याच्या मोंढ्यातील एखाद्या पेढीचे उदाहरण कल्पावे. मुलीला पुस्तपालन व लेखाकर्म या विषयात उत्तम गुण मिळाले. पेढे वाटून झाल्यावर वडील पुण्याच्या महाविद्यालयात बीबीएची चौकशी करतात, तेव्हा प्रथम सीईटीचे गुण विचारले जातात. अर्जाची मुदत तर निकालापूर्वीच संपलेली असते. हुंडीची मुदत एक दिवसही न चुकवणाऱ्या घरात मुलीचे वर्ष मात्र पणाला लागते.

परीक्षेचे स्वरूपही ध्यानात घ्यावे. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न: इंग्रजी ४०, तर्कक्षमता ३०, सामान्य ज्ञान १५ आणि संगणक १५. चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. लेखाकर्माचा मात्र एकही प्रश्न नाही. म्हणजे दुकानात बसून रोजमेळ लिहिण्यात तरबेज झालेले मूल इंग्रजी उताऱ्यापाशी अडखळू शकते. शिवाय निकाल पर्सेंटाइलमध्ये येतो. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. परीक्षार्थींपैकी ९० टक्के मुले त्या गुणांवर किंवा त्याखाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

अशा मोजपट्टीचा वाद जुना आहे. अमेरिकेत सॅट ही परीक्षा १९२६ मध्ये प्रथम झाली. करोनाकाळात तेथील बहुसंख्य विद्यापीठांनी तिची सक्ती सैल केली. पुढे एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये परीक्षेची अट पुन्हा घातली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने मात्र ती प्रवेशासाठी विचारात घेणेच सोडले. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. अंबड वा परतूरच्या मुलीला पुण्यामुंबईच्या मुलांबरोबर एकाच तराजूत तोलले जाण्याची संधी परीक्षेमुळे मिळते. पण महागड्या शिकवणीचे वजनही त्याच तराजूत पडते.

तराजू बदलणे पालकांच्या हाती नाही. तयारी मात्र आहे. अकरावीपासून रोज अर्धा तास इंग्रजी वाचन, आठवड्यास एक सराव प्रश्नपत्रिका आणि बारावीच्या जानेवारीपासून सीईटीच्या अधिकृत सूचनांवर लक्ष, एवढे पथ्य पुरेसे आहे. बीबीए हवे की बी.कॉम., हा निर्णयही निकालानंतर नव्हे, आधीच व्हावा; कारण पारंपरिक बी.कॉम.ला ही परीक्षा लागत नाही.

आणि पर्सेंटाइल कमी आला, तरी मुलाची पत घटत नाही. माणूस ओळखणे, शब्द पाळणे आणि नुकसान पचवून पुन्हा दुकान उघडणे या गुणांसाठी त्या नव्वद मिनिटांत एकही प्रश्न नसतो.